त्रेचाळिसावं पान

मी एका ब्रिटिश वैमानिकाची नोंदवही आहे. बोलावं की गप्प राहावं हे ठरवण्यात माझी बरीच वर्षं गेली, आणि अजूनही खात्री नाही. प्रत्येक उड्डाण ज्याने केलं त्यानेच लिहायचं, महिनाअखेरीस मोठ्या साहेबांनी खाली सही करायची, एवढंच माझं आयुष्य.

१९१७ साली फ्रान्समध्ये एडमंड लायल या वीस वर्षांच्या पोराने माझ्यावर नाव घातलं. बाराव्या पानावर त्याने शत्रूचं विमान पाडल्याची नोंद आहे. तिचा मला अभिमान वाटला, तो लपवत नाही.

युद्ध संपल्यावर आम्ही ब्रिटिशांच्या ताब्यातल्या इराकमध्ये गेलो. बंडखोर गावावर बॉम्ब टाकायचे तर आदल्या दिवशी विमानातून चिठ्ठ्या टाकायच्या, म्हणजे बायकापोरं निघून जातील, असा तिथला नेम. चिठ्ठ्या दुभाषा याकूब लिहायचा. १९२४ च्या मार्चमध्ये चिठ्ठ्या पडल्या उम्म सिदरा या गावावर. दुसऱ्या दिवशी धुळीत एडमंड कालव्याचा फाटा चुकला, आणि बॉम्ब पडले शेजारच्या तल्ल हमीदवर.

महिनाअखेरीस तो मला उघडून बसला, तेव्हा याकूब दारात आला.

"साहेब, गावाचं नाव तेवढं खरं लिहा. माझ्या चिठ्ठ्या त्या गावात गेल्याच नव्हत्या."

"धूर दिसला होता मला," एडमंड हळूच म्हणाला. "तंदूर पेटलेले होते."

"मग? गाव सोडून जाणारी बाई भाकरी भाजत बसते का, साहेब?"

विमानात एडमंडच्या मागे बसणारा बंदूकवाला टन्स्टल दाढी करता करता हसला. "लिही, लिही. मोठे साहेब हातातला चहा सोडून तुझी हजेरी घ्यायला येतील. आणि याकूब, तू तुझं अक्षर सांभाळ, आमचं राहू दे."

एडमंडने लिहिलं, 'उम्म सिदरा. कामगिरी पार पडली.' सही झाली. मी शाई पिऊन घेतली. कागद दुसरं काय करणार, असं मी स्वतःला समजावत आले. ते मला कधी नीट पटलं नाही.

दुसऱ्या महायुद्धात तो नव्या वैमानिकांना शिकवायचा. मला हातात धरून सांगायचा, "पोरांनो, वहीत खोटं लिहिणाऱ्याला मी विमानाला हात लावू देणार नाही." पोरं माना डोलवायची. मला मिटून जावंसं वाटे.

म्हातारपणी त्याने मला संग्रहालयाला द्यायचं ठरवलं. माणसं न्यायला येणार त्या सकाळी त्याने उम्म सिदराच्या नोंदीचं त्रेचाळिसावं पान उघडलं.

"बाबा, आता कशाला?" मुलगी रोझलिंड म्हणाली. "खाली साहेबांची सही आहे."

"साहेब गेले. मी आहे अजून."

पेन सापडेना, म्हणून पेन्सिलीनेच लिहिलं, 'गाव तल्ल हमीद होतं. चिठ्ठ्या टाकल्या नव्हत्या. चूक माझी, खोटंही माझंच.'

आज मी काचेच्या पेटीत आहे, बाराव्या पानावर उघडी. लोक वाकून पाडलेल्या विमानाची ओळ वाचतात आणि आदराने मागे सरतात. आतल्या आत पेन्सिल समोरच्या पानाला घासून पुसट होत चालली आहे.

पेटीची किल्ली ज्याच्याकडे असेल, त्याने एवढंच करावं. मला त्रेचाळिसाव्या पानावर उघडं ठेवावं.