फुगवटा

खोऱ्याने चिखल ओढून रामहरीने वांग्याच्या वाफ्यांचे तोंड बंद केले. पाटाचे सगळे पाणी आता खाली, कुंडलिकतात्यांच्या पानमळ्याकडे निघाले. त्याने आजूबाजूला पाहिले, सदऱ्याच्या खिशातून झेंडूचे फूल काढले आणि पाण्यावर ठेवले. फूल जागच्या जागी गरगरले, मग वाहत गेले.

तात्यांच्या दारात इंदापूरच्या पाहुण्यांचा छकडा सकाळपासून सोडलेला होता. पाहुणे तात्यांच्या मुलीला, प्रयागाला, बघायला आले होते. पसंती झाली तर सुपारी आजच फुटणार होती. आणि रामहरी उद्या पुण्याला, कॉलेजात निघणार होता.

गेल्या बाजारी निमगावात त्याने प्रयागाला कसेबसे गाठून लग्नाचे विचारले होते.

"आन् हे तू आत्ता इच्यारतोस?" ती म्हणाली होती.

"आत्ताच सुचलं."

"मॅट्रिक पास कसा झालास रं तू?"

पण ती हसली नव्हती. भाजीची पाटी डोक्यावर घेत म्हणाली, "बघू."

मग त्यानेच घाईघाईने ठरवले होते. पाहुणे येतील त्या दिवशी फूल सोडीन. मनात असेल तर तुमच्या हद्दीवर पाटाला बांध घाल. पाण्याचा फुगवटा माझ्यापर्यंत येईल, मग मी आबांशी बोलेन. नसेल तर पाणी वाहू दे. आबांशी कसे बोलायचे, हे मात्र ठरवायचे राहून गेले होते. वडिलांसमोर त्याच्या तोंडून आजवर "व्हय" शिवाय शब्द निघाला नव्हता.

तो काठावर उकिडवा बसून राहिला. पाणी वाहतच होते. त्याने बोट बुडवून पाहिले, काडी टाकून पाहिली. काडी तुरुतुरु खाली गेली.

"पाणी सोडलंस न्हवं? मग हितं काय करतोस?" मागून आबा म्हणाले.

"व्हय," रामहरी म्हणाला.

आबा त्याच्याकडे बघत राहिले. तेवढ्यात त्याने टाकलेली दुसरी काडी थबकली. काठाचे गवत हळूच ओले झाले. पाणी चढत चढत वाफ्याच्या तोंडाशी आले आणि तिथला चिखल ओलांडून कालच लावलेल्या रोपांत शिरले.

"आरं, रोपं बुडाली!" आबा ओरडले. "कुंडलिकानं पाट बांधला काय? दाखवतोच त्याला."

त्यांनी खोरे उचलले. रामहरी त्यांच्याआधी धावत सुटला.

हद्दीवर प्रयागा नव्हती. गुडघाभर पाण्यात खुद्द कुंडलिकतात्या उभे होते आणि बांधावर चिखल थापत होते. झेंडूचे फूल त्यांच्या मुंडाशात खोवलेले होते. रामहरी काठावरच थांबला.

"ये," तात्या म्हणाले. "फूल तुजंच का?"

रामहरीने नुसती मान हलवली.

"पोरगी पाव्हण्यांम्होरं बसायला चालली हुती. मला आडोशाला नेऊन म्हणाली, तात्या, पाटात फूल आलं की तेवढा बांध घाला. म्या म्हटलं, पानवेलीचं पाणी तुटंल की! तर म्हणाली, तुटू द्या, माजी आण हाय." तात्यांनी हाताचा चिखल धुतला. "वरचं पाणी खाली येतं, ठावं हुतं. खालचं वर चढलेलं आज बघितलं."

"सुपारी..." रामहरी कसाबसा म्हणाला.

"म्या हितं चिखलात हाय. फोडणार कोण?"

मागून आबांची पावले वाजली.

"कुंडलिका! माजी रोपं बुडवलीस. हे काय शेजारधर्माचं..."

तात्या आबांकडे बघत नव्हते, रामहरीकडे बघत होते.

रामहरी दोघांच्या मधे, पाण्यात उतरला.

"आबा, बांध तात्यांनी घातला. पर..." त्याचा आवाज फाटला. "पर तो प्रयागाचा हाय. म्या तिला इच्यारलं हुतं. फूल आलं की बांध घाल म्हणून. तिनं घातला."

आबांच्या हातातले खोरे तसेच वर राहिले. त्यांनी बांधाकडे पाहिले, तात्यांच्या मुंडाशातल्या फुलाकडे पाहिले, मग पानमळ्यापलीकडच्या छकड्याकडे. बैल सावलीत रवंथ करत होते.

खोरे त्यांनी सावकाश बांधावर टेकवले.

"घरी जा," ते रामहरीला म्हणाले. "माजा फेटा आण."

रामहरी हलेना.

"जा की! असल्या कामाला उघड्या डोक्यानं जात न्हाईत."