अकरा नंबरची बोट

माझ्या बोटीत काही खोट नव्हती, आणि तेच माझ्या मुळावर आलं.

दोन हजार चार साली, नारळी पौर्णिमा झाल्यावर, मी आणि माझा चुलतभाऊ हरिश्चंद्र यांनी गोव्याच्या एकाच कारखान्यातून दोन जेट बोटी आणल्या. गुहागरला पर्यटक वाढले होते. त्यांना अंजनवेलच्या खाडीतून गोपाळगडाखालून फिरवून आणायचं, असा दोघांचाही बेत होता. जेट बोटीचा पंखा बाहेर नसतो. पोटाखालच्या जाळीतून ती पाणी ओढते आणि मागून जोरात फेकते, म्हणून उथळ पाण्यातही चालते. एकाच ट्रेलरवरून दोन्ही आल्या, अंगावर नंबर अकरा आणि बारा. मी वयानं मोठा, म्हणून पहिली निवड माझी. मी दोन्हींवर टिचक्या मारून बघितल्या, बाकांखाली डोकं घातलं आणि अकरा नंबर घेतली. बाराचा आवाज मागच्या बाजूला जरा बद्द येत होता. हरिश्चंद्राला मी ते बोललो नाही.

पंधरा दिवसांत त्याच्या बोटीत पाणी झिरपायला लागलं. त्यानं कारखान्यात फोन केला आणि तिसऱ्या दिवशी विनीत हजर. विनीत हा कारखान्याचा मेकॅनिक, तिशीचा, कमी बोलणारा. चिपळूणला रेल्वेतून उतरायचा, एस.टी.नं अंजनवेलला यायचा आणि पिशवी ठेवली की थेट बोटीखाली शिरायचा. त्यानं दोन दिवस राहून सगळे सांधे पुन्हा भरून दिले. मला त्या वेळी बरं वाटलं होतं, खोटं कशाला बोलू. निवड कोणाची चुकली ते गावाला दिसलं होतं.

पण मग त्या बोटीचं काही ना काही निघतच राहिलं. सुकाणू जड झालं, विनीत आला. बाकाच्या बोल्टाभोवती तडे गेले, विनीत आला आणि अख्खं बाक नवीन देऊन गेला. झाकण नीट बसत नव्हतं म्हणून नवं झाकण, आणि त्रास झाल्याबद्दल कारखान्यातर्फे वर कापडी छत. निळं, झालर लावलेलं. माझ्या पर्यटकांच्या टाळक्यावर ऊन आणि त्याच्या पर्यटकांवर सावली. चांगली बोट घेतल्याचं बक्षीस हे.

विनीत जेवायचा हरिश्चंद्राकडे. त्याची बायको गोदा त्याला सुरमई तळून घालायची आणि विहिरीवर माझ्या बायकोला, लीलेला, सांगायची, "आमच्या विनीतला तिखट चालत नाय गो." आमच्या विनीतला! पैसे मीही तेवढेच मोजले होते. माझ्याकडे वर्षभरात कारखान्याचं कुत्रंही फिरकलं नव्हतं. विनीत जेटीवरून जाताना हात तेवढा वर करायचा, की झालं.

मग हरिश्चंद्रानं पाटी लावली, 'कंपनीच्या इंजिनिअरकडून नियमित तपासणी'. पुण्याची माणसं ती पाटी वाचायची, माझ्या बोटीकडे बघायची आणि त्याच्या छताखाली जाऊन बसायची. एका बाईनं तर मला विचारलं, "तुमची तपासत नाहीत का हो?" बिघडतच नाही, असं मी म्हणालो. तिला ते पटलेलं दिसलं नाही. आपल्या पोरांना हाताला धरून ती पलीकडे गेली.

मी कारखान्यात फोन लावला. म्हटलं, बोटीतून आवाज येतोय. फोनवरची मुलगी फार गोड होती.

"आवाज कसा येतो, काका? घासल्यासारखा की ठोकल्यासारखा?"

मला सांगता येईना. तिनं आणखी दहा प्रश्न विचारले आणि मी गुपचूप खरी उत्तरं देत गेलो, कारण खोटी सुचली नाहीत.

"मग तुमची बोट अगदी उत्तम आहे, काका," ती म्हणाली. "अभिनंदन."

मी रिसीव्हर आपटला. लीला माजघरातून म्हणाली, "अहो, बोट चांगली हाय म्हणून कोणी एवढं चिडतं काय?" तिला काय सांगणार? हरिश्चंद्राची विचारपूस होत होती आणि माझी होत नव्हती. मला जळत होतं ते एवढ्यानं, आणि एवढंसं वाटत असलं तरी ते रात्रंदिवस जळत होतं.

दुसऱ्या वर्षी दिवाळीला दहा-बारा दिवस उरले असतील. दुपारची ओहोटी होती, गाव जेवून आडवं झालेलं आणि माझी बोट रेतीवर कलंडून पडलेली. मी नायलॉनची हातभर दोरी घेतली, पालथा पडलो आणि तिचं एक टोक पोटाखालच्या जाळीच्या सळईला बांधलं. दुसरं आत सारून दिलं. थोडी घरघर होईल, विनीत येईल, लीलेच्या हातचं जेवेल, दोन-चार वस्तू बदलून देईल. मला एवढंच हवं होतं.

सकाळी इंजिन चालू केलं तेव्हा घरघर झाली नाही. कडकन आवाज झाला, बोटीला हिसका बसला आणि मागच्या बाजूनं पाणी आत यायला लागलं. हरिश्चंद्रानंच त्याच्या बोटीला बांधून मला किनाऱ्यापर्यंत ओढत आणलं. मी फोन केला. तिसऱ्या दिवशी विनीत आला.

लीलेनं पहाटेच सुरमई आणवली होती. विनीत बोटीखाली शिरला तेव्हा जेटीवरचा तिकीटवाला सखाराम आणि आणखी चार-पाचजण भोवती जमलेले. बऱ्याच वेळानं विनीतनं जाळी सोडवून बाहेर आणली. तिच्या सळईला दोरीचं टोक तसंच होतं.

सखाराम वाकला. "ही अडकलेली नाय," तो म्हणाला. "बांधलेली हाय. कोणीतरी गाठ मारलीन."

सगळ्यांच्या माना निळ्या छताकडे वळल्या. विनीत मात्र माझ्याकडे बघत होता. मी खाली रेतीकडे बघितलं.

माणसं पांगल्यावर तो म्हणाला, "पंख्याची पाती गेली, दांडा वाकला, आणि पंप जिथे बसवलाय तिथे बोट फाटलीय. सांधून देईन, पण पहिल्यासारखी नाही होणार. गॅरंटीत हे बसत नाही, आप्पा."

"तू माझ्याकडे कधी आलासच नाहीस," मी म्हणालो. तोंडातून निघून गेलं.

"काय बघायला येऊ? बारा नंबर साच्यातून काढतानाच बिघडली होती. आम्ही ती विकायलाच नको होती, म्हणून मालक काही मागितलं की देतात. अकरा नंबर मी स्वतः जोडलेली. दर खेपेला जेटीवर उभा राहून तुमच्या इंजिनाचा आवाज ऐकायचो आणि मग बाराच्या खाली शिरायचो." त्यानं हात पुसले. "तेवढाच आनंद असायचा या गावात."

तो आमच्याकडे जेवला. लीला वाढत होती, आग्रह करत होती, त्यानं दोन तुकड्या खाल्ल्या आणि छान झालंय म्हणाला.

संध्याकाळपर्यंत गावात निकाल लागला होता. भाऊबंदच तो, दुसरं कोण करणार. लीलेनं विहिरीवर गोदाकडे पाठ फिरवली. सखारामानं हरिश्चंद्राची तिकिटं फाडायला नकार दिला. मी दारासमोरच्या खळ्यात बसून हे सगळं ऐकत होतो आणि कोणालाही अडवत नव्हतो. सांगतो ते खरं सांगतो, त्यात मला थोडं सुखही होत होतं. वर्षभरात पहिल्यांदा गाव माझ्या बाजूनं होतं.

दिवेलागणीला हरिश्चंद्र आला. पायरीवर बसला नाही, खळ्यातच उभा राहिला.

"आप्पा, पोरांची शप्पथ घेऊन सांगतो, मी नाय केलं."

तो एक पाऊल पुढे आला.

"मनात आलं नव्हतं असं नाय. माझी बोट चालताना सारखा जीव मुठीत, कधी कुठून पाणी येईल त्याचा नेम नाय. तो विनीत आला की लाज वाटायची. आणि तुझी आपली सरळ चाललेली असायची. लय जळायचो रे. एकदा हातात दगड पण घेतला होता. पण नाय मारला. तुझा विश्वास नसेल तर मी बोट विकतो, पण तू मनात तसलं काय ठेवू नको."

लीला दारात येऊन उभी राहिली होती. गप्प राहिलो असतो तर निभावलं असतं.

"मला माहीत हाय तू नाय केलंस," मी म्हणालो.

"कसं माहीत?"

"मी बांधली ती."

मला वाटलं, आता हा शिव्या देईल, गाव गोळा करील, त्याचा हक्कच होता. पण तो हळूहळू पायरीवर बसला आणि खाली मान घालून म्हणाला, "चांगली बोट होती रे, आप्पा."