धुळ्याच्या रस्त्यावरचे मांडे

धुळ्याच्या मॅरेथॉनचा शेवटचा टप्पा आला आणि माझं डोकं फिरलं. पाय पळत होते, पण मनात एकच घोकणं चालू होतं: सोड, बस खाली. पुढे माझी धाकटी जाऊ सारिका पळत होती. अचानक तिने तळवे उलटे केले आणि ती हवेत काहीतरी फिरवू लागली. हिला ऊन लागलं, या भीतीने मी जीव खाऊन तिला गाठलं.

"अगं, हे काय चाललंय?"

"मांडे करतेय, अक्का," ती धापा टाकत म्हणाली. "मन घाबरलं की हात घाई करतो आणि मांडा फाटतो. मग नवा घ्यायचा, सावकाश."

मी बघतच राहिले. तिच्या हातांवर पुरणाचा मांडा खरंच पसरत होता, पातळ, झिरझिरीत. चुलीवरच्या उपड्या खापरावर टाकावा तसा तिने तो हवेतच अलगद सोडला.

"एवढे कुणासाठी?"

"शर्यतीतल्या बठ्ठ्यांसाठी, पळणाऱ्या सगळ्यांसाठी. तुम्हीच जेवायच्या राहिल्यात."

भाजलेला मांडा उचलून तिने हात पुढे केले. एरवी तिच्या हातचं मी नावं ठेवल्याशिवाय खात नाही. तेव्हा मात्र पळता पळता दोन्ही हात पसरले आणि मांडा घेतला.

तो गरम होता.