पुठ्ठ्यावर उमटलेले नाव

मित्रांनो, मी एक जुनी इंग्रजी कादंबरी आहे. माझ्या पोटात एका गोऱ्या मुलीची गोष्ट आहे. तिचा बाप मरतो, घर आणि जमीन कायद्याने चुलतभावाकडे जाते, आणि डोक्यावर छप्पर हवे म्हणून ती न आवडणाऱ्या माणसाशी लग्न करते. शेवटच्या पानावर चर्चच्या घंटा वाजतात. वाचणाऱ्यांना त्या फार गोड वाटतात. मला कधीच वाटल्या नाहीत.

इंग्लंडात छापली गेले तेव्हा माझ्या अंगावर सोनेरी अक्षरे होती. पुढे नाशिकच्या एका कॉलेजात आले, कसर लागली म्हणून रद्दीत गेले, आणि तिथून सायखेड्याच्या निकिताने मला उचलून घरी नेले. ती एम.ए. करत होती. तिचा माझ्यावर जीव जडला. एकदा कांदे निवडत बसलेल्या आईला ती म्हणाली, "आई, त्या पोरीला कायद्यानंच काय नव्हतं गं. आपल्याकडं बरं हाय, पोरींचाबी वाटा असतो." तिची आई कुसाबाई खाली मान घालून कांदे निवडत राहिली.

निकिताचे वडील वारले आणि स्थळे पाहायची घाई सुरू झाली. पाहुणे यायचे असले की कुसाबाई मला मुद्दाम टीपॉयवर ठेवायची. "पोरगी विंग्रजी वाचती," असे सांगायची. माझ्यातली मुलगी पाहुण्यांपुढे पियानो वाजवते. इथे तो पियानो मी झाले. मला त्याची फार लाज वाटे. शेवटी एकलहऱ्याचे स्थळ जमले.

लग्नाआधी धाकटा भाऊ अश्विन तिला निफाडच्या कचेरीत घेऊन गेला. जमिनीतला तिचा वाटा सोडल्याचा कागद तयारच होता. "ताई, लग्न मी थाटात करून देतो. तू सही कर, माहेर तुला कायमचं हाय," तो म्हणाला. टेबलाशी जागा नव्हती. त्याने तिच्या पिशवीतून मलाच काढले आणि कागदाखाली धरले. नाही म्हटले तर माहेर तुटेल, याची तिला भीती वाटत होती. तिने पेन इतके दाबले की माझ्या मऊ पडलेल्या पुठ्ठ्यावर तिचे नाव उमटले.

तेव्हापासून मी माळ्यावर आहे. गेल्या उन्हाळ्यात निकिता सुजलेला डोळा घेऊन आली. "मला इथंच राहू दे," म्हणाली.

"इथं कसं जमायचं, ताई? तुझं घर तिकडं हाय," अश्विन अगदी हळू आवाजात म्हणाला. कुसाबाई नुसती भाकऱ्या थापत राहिली.

निकिताने मला खाली काढले, पुठ्ठ्यावरून बोट फिरवले आणि पुन्हा जागेवर ठेवून दिले. दुसऱ्या दिवशी अश्विनने तिला मोटारसायकलवरून एकलहऱ्याला सोडले.

मित्रांनो, कसर माझी पाने खाते आहे, ती खाऊ द्या. मला जपा, असे मी म्हणत नाही. फक्त तुमच्या बहिणीच्या सहीसाठी कागदाखाली धरायला कुणी पुस्तक मागितले, तर देऊ नका.