माशाची हवा

आधी कबूल करून टाकते. दोन वर्षं मी सासऱ्यांच्या माशाची हवा चोरली.

मी घरी सर्किट बोर्ड बनवते. तांब्याचा पत्रा चढवलेल्या पाटीवर शाईने रेषा आखायच्या आणि पाटी ॲसिडच्या हिरव्या पाण्यात सोडायची. उघडं तांबं ते पाणी खाऊन टाकतं, शाईखालचं राहतं. खाऊन खाऊन पाणी तपकिरी होतं, सुस्तावतं. बरेच जण मग नवं पाणी करतात. माझं दोन वर्षांचं आहे. तासभर हवेचे बुडबुडे सोडले, मधूनमधून ॲसिडचे चार थेंब पाजले, की पुन्हा हिरवं होऊन कामाला लागतं.

बुडबुड्यांना पंप लागतो, आणि घरात पंप एकच, बाबांच्या फिशटँकचा. दुपारी बाबा झोपले की मी तो अलगद काढून गॅलरीत न्यायची. नळी मात्र वेगळी लावायची. तांबं माशाला विष असतं, एवढी अक्कल मला आहे. चारला बाबा उठायच्या आत पंप जागेवर.

बाबा कारकून म्हणून निवृत्त झालेले. माशाचं नाव त्यांनी साहेब ठेवलं होतं. तासभर हवा बंद म्हटल्यावर चार वाजता साहेब वर येऊन तोंडाची उघडझाप करत असायचा. बाबा समोर खुर्ची ओढून बसायचे.

"बघ सूनबाई, जन्मभर मी साहेबांची वाट बघितली. आता साहेब माझी बघतो."

सासूबाई गेल्यापासून एवढं लांब वाक्य ते फक्त चार वाजताच बोलायचे. मी हसू दाबत चहा ठेवायची.

मागच्या महिन्यात मला उपरती झाली आणि मी स्वतःचा पंप आणला. साहेबाला दिवसभर हवा मिळू लागली. चार वाजता तो आपला तळाशी, खुशाल. बाबांनी काचेवर टिचकी मारली. खाणं टाकलं. साहेब आला, गिळलं, पाठ फिरवून गेला.

"रागावलाय माझ्यावर," बाबा म्हणाले.

आठवडाभरात त्यांनी चारला उठणंच सोडलं. मी हाक मारली तर भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "उठून करायचंय काय?" हे सगळं माझंच कर्तृत्व होतं.

शेवटी त्यांना गॅलरीत नेलं, त्या हिरव्या पाण्याची बाटली दाखवली आणि सगळं सांगितलं. "तो तुमची वाट नव्हता बघत, बाबा. त्याला हवा पुरत नव्हती. माझ्यामुळे."

ते वाकून बराच वेळ बुडबुडे बघत राहिले.

"म्हणजे दोन वर्षं तो मला शिव्या घालत होता?"

"मला घालत असेल."

ते आत गेले. माणसाचा एकुलता एक आनंद मी आधी चोरीने दिला आणि नंतर प्रामाणिकपणे काढून घेतला.

दुसऱ्या दिवशी पावणेचारला मी गॅलरीत काम करत होते. माझा पंप चालू होता. बाबा आले. केस विंचरलेले, शर्ट इस्त्रीचा. हातात फिशटँकचा पंप, वायर नीट गुंडाळलेली.

"तुझ्या पाण्याला दोन पंप चालतात का गं?"

"चालतात की. पण बाबा, साहेब..."

"पंधराच मिनिटं," ते म्हणाले, पंप माझ्या हातात कोंबला आणि लगबगीने खुर्ची ओढायला आत गेले.