एका दाताची चूक

मित्रांनो, तुम्ही मला कधी पाहिले नसेल, कारण मी बारा महिने झाकणाखाली तेलात न्हात असतो. मी लाँड्रीच्या गाडीतला एक जुना कॅमशाफ्ट आहे. दिसायला साधा लोखंडी दांडा, अंगावर आठ उंचवटे. पण अख्खे इंजिन माझ्या इशाऱ्यावर श्वास घेते, म्हणून थोडा तोरा मिरवतो.

मी फिरलो की माझे उंचवटे झडपा उघडतात. झडप उघडली की सिलिंडरमध्ये हवा आणि पेट्रोल शिरते. ती वेळेवर मिटली की पिस्टन त्यांना कोंडून दाबतो. जितका दाब जास्त, तितका आतला भडका जोरदार आणि तितकी गाडीत ताकद. ही वेळ चुकू नये म्हणून मला एका दातेरी पट्ट्याने खालच्या मोठ्या दांड्याशी जोडले आहे. चौदा वर्षे मी टेकडीवरच्या दवाखान्यात धुतलेल्या चादरी पोहोचवल्या. लाँड्रीवाल्या ताई शाबासकी द्यायच्या ती गाडीला. माझे नावही त्यांना ठाऊक नव्हते.

मग पट्टा जुना झाला आणि मिस्त्रीकाकांनी नवा चढवला. तेव्हा माझ्या टोकाच्या दातेरी चाकावरची खूण इंजिनावरच्या खुणेसमोर आणावी लागते, नीट वाकून, डोळा लावून. पण त्या दिवशी काकांची कंबर धरली होती आणि ते कबूल करणे त्यांच्या रक्तात नव्हते. त्यांनी उभ्या उभ्या वरून तिरके पाहिले आणि म्हणाले, "तंतोतंत." काका, मी एक दात मागे आहे, असे मी जीव तोडून सांगत होतो. लोखंडाचे कोण ऐकणार?

सपाट रस्त्यावर गाडी अशी पळाली की काका खूश. वेगात माझा उशीर खपून जातो. चढावर मात्र वेग पडला आणि माझे पितळ उघडे पडले. झडप मिटायच्या आतच पिस्टन वर निघायचा आणि आत आलेली हवा आल्या वाटेने परत ढकलायचा. मग कोंडायला उरणार काय? दाब गेला, ताकद गेली आणि अर्ध्या चढावर गाडीने ठाण मांडले. दवाखान्यातून ताईंना निरोप आला, "उद्या दहापर्यंत चादरी आल्या नाहीत तर काम दुसऱ्या लाँड्रीला देऊ."

गाडी कशीबशी उलटी उतरवून लाँड्रीत आणली आणि सकाळी उजाडताच काकांनी प्लग बदलले, कार्बोरेटर धुतला. शेवटी चारही सिलिंडरचा दाब मोजला. चारही सारखेच कमी.

"ताई, कॅमशाफ्ट झिजलाय. भंगारात टाकू आणि नवा मागवू. आठवडा लागेल."

भंगार हा शब्द ऐकून मला भरल्या तेलात कोरड पडली.

"चारही सारखेच कसे?" ताई म्हणाल्या. "माझ्या चार पोरांचं एकाच सकाळी पोट दुखायला लागलं, तर मी पोटं नाही तपासत. शाळेचं वेळापत्रक बघते. परवा पट्टा बदललात ना? ती खूण एकदा बघा की."

"बघितलीय. अगदी समोर आहे."

"वाकून बघितलीत?"

काका मडगार्ड पुसू लागले. ताईंनी एक बादली आणून इंजिनासमोर पालथी घातली. "बसा. कंबर धरणं म्हणजे काय चोरी आहे का?"

काका कण्हत बसले. डोळा खुणेच्या रेषेत आला.

"एक दात," ते पुटपुटले.

पट्टा सैल करून त्यांनी मला एक दात पुढे सरकवले. चौघांचाही दाब चढला. दहाला पाच कमी असताना मी टेकडीवर होतो, चादरींसकट. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ताई म्हणाल्या, "कॅमशाफ्ट, शाब्बास."

आम्ही परतलो तेव्हा काका अजून बादलीवरच होते.

"ताई," ते म्हणाले, "कंबर धरलीय. जरा हात द्या."

मित्रांनो, यंत्राला वेळेवर तेल द्या, पट्टा तुटायची वाट पाहू नका आणि खूण बघायची तर वाकून बघा. वाकता येत नसेल तर तसे सांगा आणि बादली मागून घ्या. भंगारात जाता जाता वाचलेल्या एका म्हाताऱ्याची एवढीच विनंती आहे.