खालची रेघ आधी

अकरमने फाइल परत पाठवली आणि मागोमाग फोन केला.

"धनराजभाऊ, हे नाई चालत. तुनं प्रोग्रेसिव्ह देल्लं. माह्या मशीनले इंटरलेस लागते. रेंडर मारताना बदलव."

"तुही मशीन म्युझियममधी ठेव."

"ठेवतो. नवी तू घेऊन देशीन काय?"

अकरम चंद्रपुरात केबलचं लोकल चॅनल चालवायचा. धनराज बल्लारपूरचा. लग्नाचे व्हिडिओ काढायचा आणि दिवाळीपासून होळीपर्यंत झाडीपट्टीच्या नाटकांचे. त्याची बायको रंजीता त्याच नाटकांत काम करायची. याच सीझनमध्ये तिला मेंदूचा मलेरिया झाला आणि ती गेली. आता तिच्या कामांचा अर्ध्या तासाचा कार्यक्रम रविवारी दुपारी लागणार होता.

हा खटाटोप गुणाबाईसाठी होता. गुणाबाई म्हणजे रंजीताची आई. गोंडपिपरीजवळच्या गावात एकटी राहायची. पोरगी स्टेजवर गेली तेव्हा नाचणारीण झाली म्हणून तिने दार लावून घेतलं, ते पुन्हा उघडलंच नाही. गावातच नाटकाचा मंडप लागला तेव्हाही म्हातारी घरात बसून राहिली. धनराजला तिने कधी जावई म्हटलं नाही. वाटेवरच्या माणसाला म्हणावं तसं भाऊ म्हणायची. मयतीला आली, पाण्याचा घोट घेतला नाही आणि निघताना म्हणाली, "त्या नाटकापायी गेली माही पोरगी. असं काय होतं त्याच्यात?"

धनराजला तिला ते दाखवायचं होतं. एकदा तिने बघावं आणि पोरगी चांगलं काम करायची एवढं म्हणावं. मोबाइल पुढे केला तर म्हातारीने हात झटकला. "मोबाइलातलं मले दिसत नाई. टीव्हीत येईन तवा पाहीन." टीव्हीत येणार नाही याची तिला खात्री असावी.

धनराजने पुन्हा फाइल उघडली. त्याच्या कॅमेऱ्यात सेकंदाला पन्नास अख्ख्या फ्रेम यायच्या. इंटरलेस करायचं म्हणजे एका फ्रेममधल्या एकाआड एक रेघा ठेवायच्या, पुढच्या फ्रेममधल्या उरलेल्या घ्यायच्या, आणि दोन्ही विणून एक करायची. अर्धी रंजीता इथली, अर्धी तिथली. बाकीची फेकायची. आधी वरची रेघ की खालची, एवढं मशीनला सांगावं लागतं. टेपच्या कॅमेऱ्याच्या काळात धनराज कायम खालची आधी ठेवायचा. हाताने तेच दाबलं.

रेंडर होईपर्यंत, म्हणजे नवी फाइल तयार होईपर्यंत, तो शेवटचा तुकडा बघत बसला. नवऱ्याचं प्रेत ओळखायला बाई हातात दिवा घेऊन येते. खाटेजवळ सावकाश वाकते, दिवा त्याच्या तोंडाशी नेते. कॅमेरा स्टँडवर, एका जागी. त्या दिवशी पडद्यामागे रंजीता दोन ब्लँकेटांत तापाने थडथड उडत होती. धनराज म्हणाला होता, घरी चल. मॅनेजर म्हणाला होता, तिकिटं कटली, बाई. रंजीता उठली. "तू कॅमेरा लाव जा. मले चांगली घे." आणि ती स्टेजवर आली तेव्हा तिच्या हातातली ज्योतसुद्धा हलली नाही. कॅमेऱ्यातून बघताना धनराजला वाटलं, ताप उतरला. दुसऱ्या गावचा प्रयोगही त्याने होऊ दिला.

कॉम्प्युटरवर तयार फाइल नीट दिसली. त्याने ती पाठवली.

रविवारी तो गुणाबाईकडे गेला. तिच्याकडे जुना डबा टीव्ही होता. म्हातारी पदर डोक्यावर घेऊन भिंतीला टेकून बसली. शेजारच्या दोन बायका दारात उभ्या राहिल्या. त्यातली एक ओरडली, "आली व माय, रंजीता आली!"

रंजीता आली आणि धनराज टीव्हीजवळ सरकला. ती हात उचलायची तर हात पुढे जाऊन मागे यायचा, पुन्हा पुढे जायचा. रेघा उलट्या लागल्या होत्या. कॉम्प्युटरवर दोन्ही एकदम दिसतात, म्हणून कळलं नव्हतं. इथे नंतरची आधी, आधीची नंतर. जे जागेवर होतं ते स्थिर, जे हलायचं ते कापायचं. बाकीचे नटही कापत होते, पण त्यांच्याकडे बघत कोण होतं?

शेवटी दिवा आला. खाटेपर्यंत लटलट कापत आला.

"हे असी कापून काऊन राह्यली?" गुणाबाईने विचारलं.

"ते मशीनचं हाये, आई. माह्याच हातानं चुकलं. ती नाई कापत."

"पडदा नाई कापत. खाट नाई कापत. तिचाच हात कापते." म्हातारीने नजर काढली नाही. "ताप होता न तिले?"

धनराजला नाही म्हणता आलं नाही. "होता."

"तुमी होते तिथी?"

"कॅमेऱ्यावर होतो."

"मले म्हातारीले एवढ्या दुरून दिसलं, भाऊ. तुमाले तिथी उभं राहून नाई दिसलं?"

दारातल्या बायका निघून गेल्या. गुणाबाई उठली, तिने टीव्हीचं बटण बंद केलं आणि चुलीकडे तोंड करून बसली. पोरीने काम कसं केलं यावर ती एक शब्द बोलली नाही. धनराज बाहेर आला, गाडीची किल्ली हातात घेऊन उभा राहिला.

अकरमचा फोन आला. "भाऊ, रेघाच उलट्या मारल्या न तुनं! लोकायचे फोन येऊन राह्यले, बाई कापते म्हणते. वरची आधी करून दे, पुढच्या रविवारी पुन्हा लावतो."

"राहू दे."

"अबे पण कापून राह्यली न ते!"

"कापतच होती," धनराज म्हणाला, आणि त्याने फोन ठेवला.